पोच

ताईची सारी हयात यंत्रांची सर्किटं दुरुस्त करण्यात गेली होती. त्यामुळे भाऊ कारखान्यात ज्या यंत्रावर काम करायचा, त्याचं पॅनेल बनवणाऱ्या कंपनीने माहिती द्यायला नकार दिला, तेव्हा तिने भंगारातून तसंच दुसरं पॅनेल आणलं. छोटा पडदा, खाली सहा बटणं. एकेक बटण दाबायचं आणि तारेतून लॅपटॉपवर येणारे आकडे वहीत उतरवायचे. दोन आठवड्यांत भाषा उलगडली. पॅनेल यंत्राला बटणाचं नाव कळवतं आणि ते आजवर कितव्यांदा दाबलं तेही. निरोप मिळाल्याची पोच यंत्राने द्यायची. नाही दिली, तर पॅनेल तोच निरोप पुन्हा धाडतं.

मग ती कारखान्यात गेली. धाकटा भाऊ ज्या यंत्रात सापडून गेला, त्याचं पॅनेल तिने उतरवून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं.

"तुम्ही अहवालात लिहिलंत, त्याने 'थांबा' दाबलंच नाही. सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाला बेफिकीर ठरवून मोकळे झालात."

"ताई, यंत्राकडे नोंद नाही. मी काय करू?"

"बघा."

तिने पॅनेलला वीज आणि लॅपटॉपची तार जोडली. लॅपटॉपवर ओळ उमटली: थांबा, ४११. पुन्हा तीच: थांबा, ४११.

"दाबलं होतं त्याने. तुमचं यंत्र बहिरं होतं."

"जुना निरोप अडकला असेल," मॅनेजर म्हणाला. "त्यावरून काही—"

थांबा, ४१२.

पॅनेलला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

४१३. ४१४.

"तुम्हीच काहीतरी करताय."

ताईने दोन्ही हात मांडीवर घेतले.

मॅनेजरने पॅनेलची वीज तोडली. त्याचा पडदा विझला. त्याने पॅनेलमधून लॅपटॉपची तारही उपटली.

लॅपटॉपवर उमटलं: ४१५.

आकडे भराभर पळू लागले.

"बंद करा हे," तो पुटपुटला.

"मी कशाला? पोच द्यायचं काम तुमचं होतं." तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला आणि पोच धाडायला कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं.

त्याने ते दाबलं.

आकडे थांबले.

मग तिने अहवाल पुढे केला. मॅनेजरने ते वाक्य खोडलं आणि खाली सही केली.

ताई पॅनेल उचलायला वाकली. 'थांबा'चं रबरी बटण खोल आत दबलेलं होतं.

ती बघत असतानाच ते सावकाश वर आलं.