भुकेचं एक बाद मत

"‘जि’ नाही... ‘जी’. दुसरी वेलांटी."

मागून आवाज आला आणि त्याची पेन्सिल थबकली. उपाहारगृहात दुपारी तीनला कुणी नसतं, म्हणून तर तो ही वेळ साधून आला होता. वळून पाहिलं तर दारात एक बाई उभी. एका हाताने दाराची चौकट धरलेली, दुसऱ्या हातात कागदांचा गठ्ठा, चार मजले चढून आल्याने दम लागलेला. दम लागला होता तरी तिची नजर मात्र त्याच्या चिठ्ठीवरून हटली नव्हती.

"म्हणजे ते तुम्ही!" ती म्हणाली. "बोटाचा काळा ठसा. मागच्या आठवड्यात ‘मिठ’, त्याआधी ‘पिठ’. आणि आज ‘जिभ’."

त्याने घाईघाईने अंगठा पँटला पुसला. तो लिफ्टवाला. इमारतीची जुनी लिफ्ट काढून नवी बसवायचं काम महिनाभरापासून चाललं होतं, आणि तेव्हापासून सगळे जिन्याने जात-येत त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

"मला मत द्यायचा हक्क नाही का, मॅडम?"

"हक्क आहे हो. रोज इथे जेवता, म्हणजे इथलेच. पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मत बाद. मीठ एका मताने पडलं साखरेपुढे. तुमचं धरलं असतं तर बरोबरी झाली असती!"

"माझ्यामुळे?" त्याने छातीवर हात ठेवला. "म्हणजे आता जन्मभर अळणी खायचं..."

ती हसली. हसताना खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखं तिला वाटलं. बऱ्याच दिवसांनी हसलो की असंच होत असावं.

प्रकार असा होता. चौथ्या मजल्यावर शब्दकोशाचं कार्यालय होतं. कोशाची खिशात मावेल अशी आवृत्ती निघणार होती आणि तिच्या मुखपृष्ठावर एकच शब्द छापायचा होता. मोठे साहेब, म्हणजे मुख्य संपादक, खाण्याचे भलते शौकीन. त्यांनी फर्मान काढलं की शब्द खाण्यापिण्यातलाच हवा आणि तो लोकांनी निवडावा. मग काय विचारता! दर आठवड्याला शब्दांच्या जोड्या लागायच्या. उपाहारगृहात एक बिस्किटांचा रिकामा डबा ठेवलेला. आवडता शब्द चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहायचा आणि डब्यात टाकायचा. स्वयंपाकघरातल्या मावशी पातेली घासता घासता ‘चमचमीत’चा प्रचार करायच्या. हिशेबनीसांनी ‘ढेकर’ची बाजू घेतली होती आणि जेवणानंतर ते प्रात्यक्षिकासह मतं मागायचे. ‘घोट’ आणि ‘घास’ यांच्यात तर असं जुंपलं की दोन जुन्या सहकाऱ्यांनी तीन दिवस अबोला धरला.

ऱ्हस्व-दीर्घाचा नियम तिचा. ती मुद्रितशोधक होती. छपाईला जाणाऱ्या प्रत्येक पानावरची प्रत्येक मात्रा तिच्या डोळ्यांखालून जायची. सगळे तिला ‘वेलांटी’ म्हणत आणि तिची त्याला हरकत नव्हती. मतमोजणीही तिच्याकडेच आली, कारण तिच्याइतकं काटेकोर कुणी नव्हतंच. पंच म्हणून तिला स्वतःचं मत मात्र नव्हतं.

खरं सांगायचं तर तिला कशातच मत देण्याचं त्राण उरलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून पहाटे उठायचं, आईचं सगळं आवरायचं, शेजारच्या काकूंच्या हाती किल्ली द्यायची, कार्यालय गाठायचं, आठ तास बारीक अक्षरांत डोळे घालायचे आणि घरी जाऊन पुन्हा सगळं पहिल्यापासून. कुणी काही विचारलं की तिच्या तोंडून एकच शब्द निघायचा — ‘बघू’. सहलीला येतेस? बघू. नवीन चष्मा कधी करतेस? बघू. पूर्वी एकाने लग्नाचं विचारलं होतं, त्यालाही ती दोन वर्षं बघूच म्हणत राहिली. शेवटी त्याने दुसरीकडे पाहिलं. तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटायलासुद्धा तिला नीट वेळ मिळाला नाही.

तर, त्या दिवसापासून ती दोघं तीन वाजता एकाच टेबलावर जेवू लागली. ठरवून नाही. त्याचं काम उशिरा थांबायचं आणि हिची पानं उशिरा संपायची, एवढंच.

"मला एक सांगा," एकदा त्याने विचारलं, "‘भुकेला’मध्ये भु पहिला. मग ‘भूक’मध्ये दुसरा का? भूक तर तीच."

"भूक एकटी असली की लांबते," ती डबा उघडत म्हणाली. सगळ्यांना सांगायची तेच त्यालाही सांगत होती. "मागे कुणी येऊन जोडलं गेलं की आखूड होते. जीभ, पण जिभेला. मीठ, पण मिठाला. सोबत आली की दीर्घाचं ऱ्हस्व."

तो घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर मी नापास झालो नसतो..."

तिने मान खाली घातली. चमचा उगाचच डब्यात फिरवत राहिली. डब्यात खरं तर काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिना चढताना तिला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक स्टूल दिसलं. लाकडी, बुटकं, नुकतंच पुसलेलं. ती बसली. बसल्यावर कळलं की पोटऱ्या किती भरून आल्या होत्या.

"हे स्टूल कुणी ठेवलं?" तिने तीन वाजता विचारलं.

"कुठलं स्टूल?" तो डोळे न उचलता म्हणाला. मग राहवेना. "मॅडम, मी भिंतीपलीकडेच असतो. लिफ्टच्या पोकळीत सगळं ऐकू येतं. मोठे साहेब दाणदाण चढतात. मावशी बांगड्या वाजवत येतात. तुमचे पाय दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक पडतात... मग ऱ्हस्व-दीर्घ पडायला लागतात. आणि त्या वळणावर थांबतात."

आपण थकतो हे ती कुणाला सांगत नसे, आणि हा माणूस भिंतीपलीकडून ते ऐकत होता. तिचे डोळे भरून आले. तिने ते अळणी भाजीच्या माथी मारले.

"मिठाशिवाय भाजी, म्हणून रडताय?" त्याने मिठाची बाटली पुढे सरकवली.

"मीठ तुम्हीच पाडलंत!"

घरी आईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. अंथरुणावर पडून माणसाला दुसरं काम तरी काय असतं?

"कोण आहे गं?" तिच्याकडून स्वतःचे केस विंचरून घेताना आईने विचारलं.

"कोणी नाही."

"मग हा ‘कोणी नाही’ काय काम करतो?"

"आई!"

"विचारलं फक्त. हसतेस हल्ली स्वयंपाक करताना." आईने मान मागे वळवली. मग म्हणाली, "माझं हाड मोडलंय बाई. डॉक्टर म्हणतात, सांधेल. तुझं काय मोडलंय?"

ती फणी ठेवून आत गेली.

अंतिम फेरी लागली. ‘भूक’ विरुद्ध ‘चव’. निकाल शुक्रवारी. आणि गुरुवारी, डबे धुऊन झाल्यावर, लिफ्टवाल्याने रुमालाच्या चार घड्या घातल्या, उलगडल्या आणि पुन्हा घातल्या.

"उद्या लिफ्ट सुरू होईल," तो म्हणाला. "शनिवारी मी जाणार... लांब, धरणाजवळ मोठं काम आहे. दोन वर्षांचं."

"अरे वा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"इथेही आहे काम. देखभालीचं. लहान आहे, पण आहे. कुठलं घेणार ते कंपनीला उद्या पाचपर्यंत सांगायचंय." त्याने तिच्याकडे पाहिलं. "काय सांगू?"

"तुमचं काम. मला काय विचारता?"

"तुम्हालाच विचारतोय."

तिला टेबलावर तिची वाट पाहणारी पानं दिसली, घरी आई दिसली, रात्रीची भांडी, सकाळची औषधं, आणि या सगळ्यात हा माणूस नेमका कुठे बसवायचा ते दिसेना. काहीही नवीन म्हटलं की ते उचलावं लागणार, सांभाळावं लागणार. तिच्या अंगात तेवढं बळ नव्हतं.

"बघू," ती म्हणाली.

तो हसला, पण जेमतेमच. "बरं," म्हणाला आणि हत्यारांची पेटी उचलून खाली गेला.

शुक्रवारी चार वाजता सगळं कार्यालय उपाहारगृहात जमलं. तिने डबा उघडला. एकेक चिठ्ठी वाचत गेली आणि मावशी फळ्यावर रेघा ओढत गेल्या. छत्तीस चिठ्ठ्या झाल्या. चव अठरा, भूक अठरा. कुणी शिट्टी वाजवली. डब्याच्या तळाशी एकच चिठ्ठी उरली होती.

तिने ती उलगडली. कोपऱ्यात काळा ठसा. आणि मधोमध, एकेक अक्षर सावकाश काढून — ‘भुक’. उकार पहिला.

"काय निघालं?" मोठे साहेब पुढे सरसावले. त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि चुकचुकले. "अरेरे! बाद. एवढ्याने गेली बिचारी. बरोबरी झाली म्हणजे आता निवाडा पंचाचा. सांगा वेलांटी, भूक की चव?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिची नजर त्या उकारावरून हटेना. महिनाभर समजावून सांगितलं होतं. काल-परवा तर त्याने ‘भूक’ न चुकता लिहूनही दाखवलं होतं, टेबलावर, ओल्या बोटाने.

"बोला ना!"

"बघू," तिच्या तोंडून गेलं.

सगळे खो खो हसले. तीच एकटी हसली नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजायला आले होते. तिने चिठ्ठी मुठीत धरली आणि काही न सांगता दाराबाहेर पडली. "लिफ्ट सुरू झालीये!" मागून कुणीतरी ओरडलं, पण ती केव्हाच जिन्याला लागली होती.

तो वळणावर त्याच स्टुलावर बसला होता. पेटी पायाशी, फोन हातात.

"तुमचं मत बाद केलं," ती म्हणाली.

"माहीत होतं."

"मग असं का लिहिलंत? तुम्हाला येतं ना आता!"

तो उभा राहिला. स्टूल तिच्यासाठी मोकळं केलं. ती बसली नाही.

"तुम्हीच म्हणालात," तो हळू आवाजात म्हणाला, "एकटी असली की लांबते, सोबत कोणी आलं की आखूड होते. मी सतरा वर्षं गावोगाव एकटाच जेवलोय हो... हा एक महिना सोडला तर. मला ती दीर्घ लिहवेना. चूक नव्हती मॅडम. जसं होतं तसं लिहिलं."

आता मात्र ती बसली.

"मी फार थकलेय," ती म्हणाली. एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता येईना. "तुम्हाला माहीत नाही किती. सकाळी उठते तेव्हाच थकलेली असते. घरी आई आहे, तिला सोडून मला कुठे जाता येणार नाही. हिंडणं-फिरणं, सिनेमा, नटणं-मुरडणं, मला काही जमणार नाही. मी कुणाबरोबर दोन पावलं चालेन एवढीसुद्धा..."

"चालायला कोण सांगतंय?" तो म्हणाला. "मी लिफ्टवाला माणूस."

ती हसली, आणि हसता हसता रडू लागली. तो तिच्यापुढे पायरीवर बसला. रुमाल काढला, तो काळा निघाला, म्हणून पुन्हा खिशात कोंबला. तिने पदरानेच डोळे पुसले.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "हे म्हणायलाही दम लागतो. चार मजल्यांएवढा."

"सावकाश. मी थांबतो."

"पाच वाजता कंपनीला सांगायचंय ना? मग ऐक." तिने श्वास घेतला. "जाऊ नकोस."

त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"‘नका’ म्हणायचं होतं का, मॅडम?"

"नाही," ती म्हणाली. "‘नकोस’च. तपासलंय मी. दुरुस्ती नाही."

त्याने तिथेच फोन लावला आणि आवाज चोरून, दोन वाक्यांत, धरणाजवळच्या कामाला नाही म्हणून टाकलं. बोलून झाल्यावर पाहतो तर तिने भिंतीला डोकं टेकलेलं. तो उठून तिच्या शेजारी आला, तशी तिने डोकं भिंतीवरून काढून त्याच्या खांद्याला टेकवलं. त्याच्या सदऱ्याला ग्रीसचा वास येत होता. तिला तो आवडला.

"पाच मिनिटं फक्त," ती पुटपुटली. "मग वर जाऊन निकाल सांगायचाय... भूक. माझं मत भुकेला. पण मुखपृष्ठावर दीर्घच छापायची हं, तिथे काही चालणार नाही."

"आणि घरी?"

तिला झोप लागली होती.

थोड्या वेळाने मोठे साहेब कठड्यावरून वाकले. "अहो वेलांटी, निकाल..." एवढंच बोलले आणि लिफ्टवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. साहेबांनी खाली नीट पाहिलं, चष्मा सारखा केला आणि चवड्यांवर परत फिरले.

पाच मिनिटं उलटली, अर्धा तासही उलटला. नवी लिफ्ट माणसं भरभरून वर-खाली करत होती. ज्याने ती बसवली तो मात्र खांदा न हलवता जिन्यात बसून राहिला.