कोपरसमोरची भाकरी

सुरुंगाची दारू आमचे साहेब आगगाडीने धाडत नसत. इंजिनातून ठिणग्या उडतात. ती मुंबईहून समुद्राने ठाण्याच्या बंदरात येई आणि तिथून मचव्याने, भरतीच्या पाण्यावर, कल्याणला. पुढे डोंगरात बोगद्याचं काम चाललं होतं. मचव्यावर विस्तव नाही याची खातरी करून सही करणं हे माझं काम. मी त्र्यंबक, बंदरावरचा कारकून.

माझा कोणावरही विश्वास नाही, आणि खलाशांवर तर मुळीच नाही. चिलमीच्या एका झुरक्यासाठी ही माणसं स्वतःसकट आम्हालाही उडवतील! म्हणून प्रत्येकाची कनवट मी स्वतः झाडून घेई. चकमक, चिलीम, खिळ्यांच्या वहाणा, सगळं बंदरावर ठेवायचं. जेवण घरून बांधलेलं, गार. मागच्या वर्षी कोणीतरी चोरून चूल पेटवली आणि खाडीकाठच्या कोपर गावासमोर अख्खा मचवा उडाला. चार माणसं गेली, फळीसुद्धा हाती लागली नाही. त्या कागदावर सही माझी होती. तेव्हापासून मला धड झोप नाही. त्या माघात मी सरळ मचव्यावरच चढलो.

तांडेल सहदेव, खलाशी धोंडीबा आणि मी. ओल्या गोणपाटाखाली चाळीस पिंपं. दोघेही पिंपांकडे पाठ करून बसले होते. मला ते आवडलं नाही.

भर दुपारी कोपर दिसू लागलं आणि भाकरी भाजल्याचा वास आला.

"सहदेव, चूल कुठे लपवलीस?"

"चूल नाय, सायब."

"मग हा वास माझ्या नाकातून येतोय काय रे?"

मी तरातरा पुढे गेलो आणि गोणपाट उचललं. पिंपं गार. पण मधल्या पिंपावर नाचणीच्या तीन भाकऱ्या, एकावर एक, वाफाळत्या.

धोंडीबाने एक उचलली आणि खाली बघत खाऊ लागला. दुसरी सहदेवने घेतली. माझं डोकंच फिरलं. तिसरी मी खाडीत भिरकावली.

"काय केलंत हो हे!" सहदेव मटकन खाली बसला.

पिंपांच्या खालून आवाज आला. थप. थप. थप. पिठाच्या गोळ्यावर हात पडावा तसा. मग फुंकणीचा.

गोणपाटातून धुराची बारीक रेघ वर निघाली.

मी पाण्याची बादली ओतली. दुसरी ओतली. रेघ जाड झाली.

"सायब, आता आली की खावा. तुमच्या वाट्याची हाय. खाल्ली का इझतंय," सहदेव म्हणाला.

"कोण भाजतंय?"

"आमी इचारत नाय."

पिंपावर भाकरी होती. ती कधी आली ते मी पाहिलं नाही.

मी खाल्ली. शेवटच्या तुकड्यापर्यंत. खारट होती आणि दाताखाली कचकचत होती.

धूर थांबला.

कल्याणच्या धक्क्यावर हमाल मधलं पिंप उचलताना म्हणाला, "हे हलकं लागतंय." लाखेचं सील शाबूत होतं. मी ते माझ्या हाताने फोडलं.

दारू निम्मीच होती. परातीत पीठ मळावं तशी मधोमध ओढलेली, आणि कडेला चार बोटांचे ठसे.

मी झाकण लावलं. कागदावर लिहिलं, विस्तव आढळला नाही. सही केली.

अकरा वर्षं झाली. ढेकर अजून खारट येते.

थंडीच्या दिवसांत माझी पत्नी प्रमोदिनी वैतागते. "अहो, सगळी घरात चुलीपाशी शेकत बसलीयेत आणि तुम्ही एकटेच अंगणात कुडकुडताय! या की आत."

मी म्हणतो, मला उकडतंय.