भिंतीला भोक न पाडता

दुसऱ्या दिवशी अकराला माझ्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, ऑनलाइन. परीक्षक तीन गावांतले. ही वेळ हुकली की पुन्हा सहा महिने थांबा. आणि घरात आलेलं नवंकोरं फायबर इंटरनेट दिवाणखान्यातच अडून बसलं होतं. बाबांनी नुकताच घराला रंग दिला होता, भिंतीला टाचणीसुद्धा लावू देत नव्हते. माझी खोली घराच्या पार मागच्या टोकाला.

अशात तो आला. कंपनीचा तंत्रज्ञ... खांद्याला पिशवी, खिशात पेचकस आणि गालावर खळी, जिची या कामात काडीचीही गरज नव्हती. भोक पाडायचंच नाही, पुढचं सगळं वायरशिवाय नेऊ, असं त्याने सांगितलं आणि बाबांना तो तिथल्या तिथे पसंत पडला.

वायफाय पुढे पोचवणारा दुसरा एक छोटा डबा त्याने माझ्या टेबलावर ठेवला. मी कशावर अभ्यास करते, हेही विचारलं.

"चिमण्यांच्या आवाजावर? मग त्या काय म्हणतात ते कळतं तुम्हाला?"

"थोडंफार."

"आणि माणसं?"

"त्यांना जरा वेळ लागतो..." मी म्हटलं, आणि उगाच पुस्तकं रचायला लागले.

डब्यावर हिरवा दिवा लागला. तो गेला. संध्याकाळी मैत्रिणीला सरावासाठी व्हिडिओ कॉल लावला, तर तिसऱ्याच मिनिटाला माझा आ वासलेला चेहरा पडद्यावर तसाच गोठला. ती पोट धरून हसली. मला मात्र रडू फुटलं. कंपनीत फोन केला तर माणूस परवा येईल म्हणाले.

सकाळी नऊला बेल वाजली. दारात तोच, मान खाली घालून.

"काल जेवताना लक्षात आलं. डबा चुकीच्या जागी ठेवला मी. तुमच्या खोलीत मुळात सिग्नलच धड येत नाही, मग तो डबा पुढे काय देणार? तो अधल्यामधल्या जागी ठेवायचा असतो. रोज गिऱ्हाइकांना मीच हे शिकवतो."

"मग काल काय झालं?"

त्याने पिशवीची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली. "काल... चिमण्या."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

मग तो घरातल्या मधल्या बोळात डबा घेऊन वीतवीत सरकत राहिला आणि मी खोलीतून मोबाइलवरचा वेग ओरडून सांगत राहिले. वीस... नव्वद... पुन्हा चाळीस. चपलांच्या कपाटावर डबा टेकला आणि आकडा थेट तीनशेवर गेला. दोघंही एकदमच हसलो.

परीक्षेत दीड तास मी बोलले. एक शब्द तुटला नाही. शेवटी तिन्ही परीक्षकांनी मला नावामागे डॉक्टर लावून हाक मारली, आणि मी धावत बाहेर आले. तो अजून तिथेच होता, बाबांबरोबर तिसरा चहा पीत.

"झाले," एवढंच म्हणू शकले. त्याचा चेहरा असा उजळला, जणू पीएच.डी.ची सहा वर्षं त्यानेच घासली होती.

"पण कंपनी तर उद्या माणूस पाठवणार होती. तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणीच नाही. आज सुट्टी आहे माझी."

माझ्या अंगात विजयाचं वारं होतं, म्हणून विचारून टाकलं, "पुढच्या सुट्टीला पिशवी न घेता याल? मला आवडता तुम्ही."

त्याचे कान लाल झाले. "येईन की... पण काम नसताना आलो, तर बाबांना काय सांगू?"

बाबांनी पेपर खालीही केला नाही. "जे मी आत्ता ऐकलं, तेच सांगा."