छत्तिसावा फोटो

खोटं वाटलं तर वाटू द्या, मला काय! पण मी, नागसेन, हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. गेल्या वर्षीचा एप्रिल, भर दुपार, हैदराबादच्या सुलतान बाजारातली सूर्यभानमामांची डार्करूम.

मामा फोटोग्राफर. महिन्यापूर्वीच वारले होते. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल तसाच राहिलेला, काढलेले फोटो मोजणारा काटा बारावर.

भागूमामी मागे लागली. "धुऊन दे रे. शेवटचं काम आहे त्यांचं."

धुतला. बघतो तर... छत्तीसच्या छत्तीस फ्रेम भरलेल्या.

म्हटलं, काटाच बिघडला असेल.

मग कॉन्टॅक्ट प्रिंट काढली. म्हणजे अख्खा रोल एकाच कागदावर, बारके बारके फोटो, काढले त्याच क्रमाने. मामा हा कागद गिऱ्हाइकाला कधी दाखवत नसत. "माणसाला आपण कसं गाठलं, ते यात उघडं पडतं," म्हणायचे. त्यांची पद्धत एकच. लांबून सुरू करायचं, एकेक पाऊल जवळ जायचं. पसंत पडेल त्या फोटोला लाल पेन्सिलीचा गोल.

लाल दिव्याखाली चित्रं उमटायला लागली.

पहिले बारा, विहारातलं लग्न.

तेरावा... गौलीगुड्यातली मामीची गल्ली.

मग तिचं दार. मग ओटा. मग तिची पाठ.

अंगावर नवी साडी. अहो, ती साडी मी कालच घेऊन दिली होती!

पस्तिसावा... मामी समोर बघून हसतेय.

छत्तिसावा...

डोळे मिटलेले. नाकात कापूस.

कागद घेऊन उजेडात पळालो. तिथं दिसलं... छत्तिसाव्याभोवती लाल गोल. लाल दिव्यात तो दिसलाच नव्हता. पेन्सिलीला मी हातही लावला नव्हता.

मामीला फोन लावला.

"मामी, काय करतीस?"

"हळू बोल रे. हलू नक्को म्हणालेत."

"कोण?"

"कोण म्हणजे? जन्मभर दुसऱ्यांचे काढले, आज कुठं माझी आठवण झाली." मामी चक्क लाजली. "पस्तीस झाले. एकच राहिलाय."

"डोळे मिटू नकोस!" ओरडतच मी ऑटोत बसलो.

मामी वाचली. खुर्चीत ताठ बसली होती, समोर रिकामं स्टूल. उलट माझ्यावरच चिडली. "एवढ्यात कायकू आलास?"

त्याच दिवशी तिला चिक्कडपल्लीला माझ्या घरी आणलं. कागद जाळला, निगेटिव्ह जाळली. तरी रोज दुपारी ती केस विंचरून, साडी बदलून खुर्चीत बसते.

रात्री ती झोपते, त्याची भीती नाही. मामांनी उजेडाशिवाय कधी फोटो काढला नाही.

दुपारी मात्र मी नाहीतर माझी बायको गीता तिच्याशी बोलत बसतो. ऐंशीला टेकलेलं माणूस, जेवल्यावर झापड येणारच.

असं किती दिवस जागं ठेवणार?