मागच्या जिन्याचे दार

ही गोष्ट रचलेली नाही.

रचायची असती, तर मी माझ्या आत्याला तिच्यात इतके दोषी ठरवले नसते.

घडली ती भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या एका जुन्या दगडी रुग्णालयात. अमावास्या नाही, स्मशान नाही. म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवणे मला अधिक जड जाते. पण शेवटचा भाग मी स्वतः ऐकला आहे. बाकीचे आत्याने सांगितले, आणि आत्या खोटे बोलत नाही.

म्हणजे… एकदाच बोलली होती.

आत्या वास्तुविशारद. शहराच्या वारसा समितीची जुनी सभासद. जुन्या इमारतीत कुणाला भिंत पाडायची असो की खिडकी रुंद करायची असो, प्रस्ताव आधी या समितीपुढे येई. समितीत एक अलिखित रिवाज होता. जो भाग पाडायचा, तो एका सभासदाने स्वतः पायाखाली घालून यायचा. बैठकीत त्याने "पाहिला आहे" एवढे म्हटले, की कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. या दोन शब्दांवर कितीतरी इमारती तरल्या होत्या. कितीतरी गेल्याही होत्या.

त्या रुग्णालयाचा प्रस्ताव साधा होता. मागच्या बाजूचा बंद पडलेला जिना पाडायचा आणि तिथे लिफ्ट बसवायची. पाहणी आत्याकडे आली.

खरे तर तिने ती नाकारायला हवी होती. कारण त्याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, भरती होते.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म घरोघरी मीटर तपासत हिंडले. त्यामुळे दार दिसले की वाजवायचे, ही सवय हाडीमाशी खिळलेली. ठक ठक… मग थोडे थांबून, ठक. स्वतःच्या न्हाणीघरात शिरतानाही वाजवत. आत्या म्हणायची, "हे कपाटसुद्धा वाजवून उघडतात. आत शर्ट कपडे बदलत असेल ना!"

आता त्यांचे पाय गेले होते. तपासणीसाठी खाली न्यायचे, तर दोन वॉर्डबॉय त्यांना खुर्चीत बसवून उचलत. पुढचा जिना उंच. प्रत्येक पायरीला काकांचा चेहरा पिळवटून निघे, आणि तरी ते म्हणत, "निघाली बघ माझी वरात."

आत्याला ती लिफ्ट हवी होती.

पाहणीच्या दिवशी ती इमारतीच्या मागे गेली. मॅनेजर बरोबर होता. सारी इमारत दगडी, आणि जिन्याचा मनोरा मात्र विटांचा. खालचे दार फुगून चौकटीत घट्ट बसले होते.

"सुताराला बोलावतो, मॅडम. थोडं थांबावं लागेल."

आत्याने दारावर हात आपटून पाहिला.

आतून पावले आली… वरून खाली… जड, सावकाश.

दारापाशी येऊन थांबली.

"कोण आहे आत?"



"आत कोण असणार?" मॅनेजर हसला. "वर्षानुवर्षं कुलूप आहे. आवाज घुमतो तो."

तेवढ्यात वरून निरोप आला. डॉक्टर काकांच्या रिपोर्टविषयी बोलायला थांबले होते. आत्याने एकदा त्या विटांकडे पाहिले. दगडी इमारतीला विटांचा जिना, म्हणजे नंतरची भर. नंतरची भर पाडायला हरकत नसते. तिने मनाशी निकाल लावला आणि घाईने वर गेली.

बैठकीत अध्यक्षांनी विचारले, "ताई, मागचा जिना पाहिलात?"



"पाहिला आहे."

"मूळचा आहे का?" इतिहासाच्या प्राध्यापकांनी विचारले.

"नाही. नंतरची भर."

मंजूर.

त्या संध्याकाळी ती काकांना बातमी द्यायला गेली. त्यांची खाट वॉर्डाच्या टोकाला होती. उशाशीच भिंतीत एक दार होते, त्या मागच्या जिन्याचे वरचे दार. त्यालाही कुलूप.

"अगं, आज दुपारी इथून बरीच माणसं गेली," काका म्हणाले.

"कुठून?"

"या दारामागून. चार जण असावेत. पावलं एकदम पडत होती. वळणावर कुणीतरी 'जपून' म्हणालं."



"तो जिना बंद आहे, अहो."

"असेल. मी आपलं ऐकलं ते सांगितलं." मग डोळे मिचकावून म्हणाले, "दवाखान्यात पुढून येतात ते पेशंट. मागून जातात ते…"

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. हसता हसता त्यांना ठसका लागला.

आत्याला झोप लागेना. 'पाहिला आहे'. तोंडातून गेलेले ते दोन शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखे टोचत राहिले. शेवटी एका दुपारी ती परत गेली. ठेकेदाराच्या सुताराने खालचे दार तोवर तासून मोकळे केले होते. माणसे जेवायला गेली होती.

ती एकटीच आत शिरली.

वरच्या झरोक्यातून स्वच्छ ऊन येत होते. पायऱ्या दगडी होत्या. पुढच्या जिन्याच्याच दगडाच्या, त्याच छिन्नीच्या. विटा म्हणजे केवळ बाहेरून घातलेले दुरुस्तीचे कवच. जिना मूळचा होता. इमारतीच्या जन्मापासूनचा.

आतून चार पायऱ्या चढली असती, तर हे तिला तेव्हाच कळले असते.

वळणापाशी ती थबकली. तिथल्या भिंतीचा कोपरा काटकोनी नव्हता. घडवतानाच गोल केलेला होता. आत्याने आयुष्यभर कोपरे पाहिले होते. हा कोपरा कशासाठी, हे तिला लगेच उमजले.

लांब काहीतरी आडवे धरून वळवता यावे म्हणून.

स्ट्रेचर.

आणि खालचे दार उघडत होते ते मागच्या गल्लीत, शवागारासमोर. पुढच्या दालनात बसलेल्या आजाऱ्यांना दिसू नये, म्हणून कुणा जाणत्या माणसाने मृतांसाठी ही वेगळी वाट बांधली होती. त्यांचाही आब राहावा, यांचाही धीर राहावा.

तिने त्या गोल कोपऱ्यावर तळवा ठेवला.

भिंत कोमट होती… कुणी नुकताच हात काढून घ्यावा तशी.

मग वरून पावले आली.

एकदम पडणारी. जड. ओझे वाहणाऱ्या माणसांची.

आत्या पळाली नाही. पळावे असे तिला सुचलेही नाही. जिन्यावर समोरून कुणी ओझे घेऊन आले की आपण करतो, तेच तिने केले. ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि वाट दिली.

पावले तिच्या समोरून गेली.

कुणीही दिसले नाही.

फक्त कानाशी, दमलेल्या आवाजात…

"जपून."

काकांना तिने सारे सांगितले. न पाहता पाहिले म्हटले, हेसुद्धा. 

"मग सांगून टाक ना समितीत. त्यात काय एवढं? चूक झाली म्हणावं."

"इतक्या वर्षांचं नाव आहे माझं तिथे. आणि लिफ्ट नको का तुम्हाला?"

"हे बघ, माझ्या नावावर खोटं खपवू नकोस," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "लिफ्ट बसवायला दुसरी जागा मिळेल. मला जिना चालतो. वेळ आली तर मागचाही चालेल."

"काहीतरीच बोलू नका!"

"बरं, नाही बोलत. तू मात्र बोल."

पुढच्या बैठकीला ती ठरवून गेली. जिना अजून उभा होता. एका वाक्याचा प्रश्न होता.

"रुग्णालयाच्या त्या जिन्याबद्दल थोडं…"

"तुमच्या यजमानांची लिफ्ट ना?" अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. "ताई, मी स्वतः रुग्णालयाला फोन केला. म्हटलं, आमच्या ताईंनी पाहून दिलंय, आता दिरंगाई नको."

"ताईंनी पाहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," प्राध्यापक म्हणाले.

सगळे मायेने हसले. कुणीतरी काकांची तब्येत विचारली. कुणी चहा पुढे केला.

ते तिच्यावर ओरडले असते, तर ती बोलली असती. पण त्या मायेपुढे तिची जीभ उचलली गेली नाही. तिने चहा घेतला.

त्याच आठवड्यात जिना पाडला.

वरच्या दारात विटा भरून गिलावा केला आणि रंग दिला. काकांच्या उशाशी आता नुसती भिंत राहिली. लिफ्टचा सांगाडा यायला वेळ होता.

काका तेवढे थांबले नाहीत.

गेले तेही दुपारीच. भेटीची वेळ होती. त्यांना पुढच्या जिन्यावरून उतरवले. त्या वळणावर स्ट्रेचर मावेना, म्हणून ते तिरपे केले, मग अधिक तिरपे केले. खाली बाकांवरची आजारी माणसे एकेक करून उठून उभी राहिली. पहिल्यांदाच शस्त्रक्रियेला आलेली एक मुलगी आईच्या पदरात तोंड खुपसून रडू लागली.

आत्या मागून उतरत होती. मी तिचा हात धरला होता.

"पाहिलंस?" ती पुटपुटली. "तो जिना उघडता आला असता. हे मी केलं."

त्यानंतर तिने समितीत सांगितले. उभे राहून, शब्द न चोरता. खोलीत कुणी हसले नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आता त्याचा काय उपयोग, ताई?"

तिने राजीनामा दिला आणि घरी आली.

काकांचा चष्मा रुग्णालयातच राहिला होता. तो आणायला आम्ही दोघी गेलो. वॉर्ड भरलेला होता, दोन रुग्ण तर जमिनीवर गाद्या टाकून झोपले होते.

टोकाची ती खाट मात्र रिकामी होती.

"तिथं कुणी टिकत नाही हो," नर्स चष्मा देताना म्हणाली. "रात्रीचं तर सोडाच, दुपारीसुद्धा उठून येतात. भिंतीतून कुणी दार वाजवतं म्हणतात. तिथं दार तरी आहे का आता?"

भिंतीपलीकडे आता काहीच नव्हते. नुसती पोकळी. मी खिडकीतून वाकून पाहिले. खाली खणलेला खड्डा, वर आकाश.

मी मागे वळले.

आणि ऐकले…

ठक ठक…

…ठक.

आत्याच्या हातातून चष्मा गळून पडला.

पुन्हा. तसेच. कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने, सभ्यपणे वाजवलेले.

ती खाटेला वळसा घालून भिंतीपाशी गेली. ताज्या रंगावर तिने दोन्ही तळवे टेकवले. लहान मुलाला समजवावे तशा आवाजात म्हणाली, "अहो, इथून नाही आता. वाट मोडली. मीच मोडली. पुढून या. घरी या."

आवाज थांबला.

नर्सचा चेहरा पांढरा पडला होता. तिनेही ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याच्या घराचे दार वाजले. ठक ठक… ठक. तिने धावत जाऊन उघडले. बाहेर कुणी नव्हते. पण ती मला फोनवर सांगत होती, आणि तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला होता. "आले गं. घरी आले."

मला वाटले, संपले.

पण दार वाजायचे थांबले नाही.

आणि आता ते वाजवणे काकांचे राहिले नव्हते.

कधी तळहाताने, कधी नखांनी. कधी फार खालून, लहान मुलाच्या उंचीवरून. आत्या प्रत्येक वेळी उठते. हातातला घास टाकून उठते. दार उघडते, बाजूला होते, थोडे थांबते आणि लावते. आम्ही तिला आमच्याकडे राहायला बोलावले. माझे वडील, तिचे थोरले भाऊ, रागावले, हात जोडले. ती नाही म्हणाली.

"मी इथं नसले तर दार कोण उघडेल, दादा?"

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. ती फार वाळली आहे. आम्ही बोलत बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन होते, शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू होता.

दार वाजले.

आत्या उठू लागली, पण गुडघा धरून परत बसली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आज तू उघड. त्या सगळ्यांना दुसरी वाट नाही."

मी कडी काढली.

बाहेर रिकामा जिना. कुणीही नाही.

तरी मी नकळत भिंतीला टेकले आणि वाट दिली. का, ते सांगता येणार नाही.

पावले एकदम पडत होती. जड. माझ्या अगदी समोरून आत गेली… आणि उंबऱ्याशी कुणीतरी हळूच म्हणाले,

"जपून."

काकांचा आवाज मी लहानपणापासून ओळखते.

तो त्यांचा नव्हता.