‘छान आहे’ म्हणणारा माणूस

“या... बसा... कोणत्या... कानाला... त्रास आहे?”

तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की मी दचकलेच. कानाच्या मशीनचं दुकान ते. मला वाटलं, बिचाऱ्याला स्वतःलाच कमी ऐकू येत असणार. म्हणून मीही वरची पट्टी लावली. “मालकीणबाई... कुठे... आहेत?”

“आत्या... बाहेर... गेलीय! कान... दाखवा!”

“माझे कान ठणठणीत आहेत! मी... वेबसाइट... करायला आलेय!”

बाकावरच्या एका आजोबांनी आपलं मशीन काढून खिशात टाकलं. “अरे, तिलाही ऐकू येतं आणि तुलाही,” ते म्हणाले. “आता आमच्यावर दया करा.”

तो मालकीणबाईंचा भाचा निघाला. मशीन दुरुस्त करायचा, प्रत्येकाच्या कानाच्या मापाचे साचे बनवायचा. पेन्सिल कानावर खोचलेली आणि तो कान लाजून लालबुंद. मला इतकं हसू आलं, की खुर्चीला धरून हसले.

थोड्या वेळाने परतलेल्या आत्याबाई मात्र हसणाऱ्यातल्या नव्हत्या. “महिन्याने बघेन. पटलं तर ठेवेन, नाही तर दुसऱ्याला देईन. तोवर भाच्याला दाखव, त्याला गिऱ्हाइकं कळतात.”

माझं स्वतःच्या हिमतीवरचं पहिलं काम होतं हो ते! हे फसलं तर मुकाट्याने काकांच्या ऑफिसात फायली लावायला जाईन, असं घरी कबूल करून बसले होते. म्हणून दर दोन दिवसांनी लॅपटॉप काखोटीला मारून मी दुकानात हजर.

“कसं वाटतंय?”

“छान आहे.”

“रंग?”

“छान...”

“अहो, काहीतरी खटकत असेल की!”

“नाही... खरंच छान आहे.”

आणि हे तो स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणायचा. मला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण कळून न कळल्यासारखं करण्यात जी गंमत असते ना, ती मी पुरेपूर घेत होते. केस मोकळे सोडून निघाले की आई विचारायची, “वेबसाइट केसांनी करतेस का गं?”

आत्याबाई बघणार त्याच्या आदल्या दिवशी मी सहज बाकावरच्या त्या आजोबांपुढे लॅपटॉप ठेवला. त्यांनी पहिलं पान बघितलं. मधोमध माझं लाडकं, भलंमोठं केशरी बटण होतं : ‘आत्ताच फोन करा!’

“पोरी,” ते शांतपणे म्हणाले, “फोनवर ऐकू आलं असतं, तर मी इथे कशाला आलो असतो?”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी त्याच्याकडे वळले. तो हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत होता.

“तुम्हाला माहीत होतं?”

“...हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही इतक्या हौसेने दाखवत होतात...”

“हौस नाही ती, माझं काम आहे! गोड बोलून केसाने गळा कापलात माझा!” डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही राग आला. “बसा इथे. एकूण एक चूक सांगा. आणि ‘छान’ म्हणालात तर याद राखा!”

तो बसला. सुरुवातीला अडखळला — मग मात्र त्याने पहिल्यांदाच स्क्रीनकडे नीट बघितलं.

“समजा, एक आजी आहेत. त्या इथपर्यंत येतील... आणि अडकतील. ही करडी अक्षरं त्यांना दिसणार नाहीत. व्हिडिओ सुंदर आहे, पण बोलणं खाली लिहिलेलं नाही, मग तो त्यांच्यासाठी मुकाच. आणि ही फोटोतली मुलगी... हिला ऐकू येतं, हे लांबूनही कळतं.”

रडू येता येता मला हसू फुटलं. एकाही चुकीला तो ‘वाईट’ म्हणाला नाही. कोण कुठे अडेल, एवढंच सांगत गेला. आणि पुढे काय करायचं, ते माझं मलाच सुचत गेलं. फोनच्या जागी निरोप लिहायची चौकट आली. अक्षरं काळी, ठसठशीत झाली. मुलगी गेली आणि तिच्या जागी ते आजोबा बसले, बत्तिशी दाखवत. अशी माया मला कुणी लावली नव्हती, खरंच सांगते. कौतुक काय, कुणीही करतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी चष्मा नाकावर ओढून पानन् पान वाचलं. माझा जीव मुठीत.

“ठेवते,” त्या म्हणाल्या. “म्हाताऱ्याचे दात तेवढे कमी करता आले तर बघ.” आणि आत निघून गेल्या.

जिंकले मी! काकांच्या फायली गेल्या खड्ड्यात! मी लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली... आणि लक्षात आलं, की आता इथे यायला काही निमित्तच उरलं नाही.

तो दारापर्यंत आला. “तुम्ही... अजून रागावलेल्या आहात?”

“एवढंच सांगा. चुका दिसत होत्या, तर गप्प का बसलात?”

“कारण...” पेन्सिल कानावरून निघाली, पुन्हा कानावर गेली. “तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवशी ओरडलात, तेव्हापासून. वाटलं, चुका काढल्या तर तुम्ही चिडाल... आणि यायच्याच बंद व्हाल.”

“अरे वेड्या!” तोंडातून निघूनच गेलं. “चुका काढल्या असत्यास, तर मी रोज आले असते!”

एवढे बारीक स्क्रू फिरवणारा माणूस — आणि हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं!

“मग... आता एक चूक सांगितली तर चालेल?” तो हळूच म्हणाला. “ती निरोपाची चौकट... जराशी डावीकडे हवी.”

“किती डावीकडे?”

“बघावं लागेल. आज नाही सांगता येणार. उद्या...”

“आणि परवा?”

“परवा पण.”

मी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

“उद्या कशाला?” मी म्हटलं. “आजच सुरुवात कर.”