बोटाचा भार

आजोळच्या घराची किल्ली नव्या मालकाच्या हाती द्यायच्या आधी ज्याने त्याने आपापली आठवण उचलली. मामीने शिवणाचे हातमशीन नेले. मावसभावांनी कंदील, पत्र्याच्या ट्रंका आणि चोच तुटलेली इनॅमलची किटलीसुद्धा वाटून घेतली. आईने मात्र अंथरुणावरूनच निरोप धाडला होता, "मला काही नको. तेवढा तराजू आणा."

धाकट्या भावाने तो पोत्यात बांधून बहिणीच्या घरी आणला आणि धाडकन जमिनीवर ठेवला.

"घे. तुझ्या धंद्यातलाच आहे. आधी अटक कर ह्याला."

"हळू ठेव की मेल्या. माणसं तोललीत त्याने."

बहीण वजनमापे खात्यात निरीक्षक होती. एकतीस वर्षे तिने दुकानोदुकानी तराजू तपासले. बाजारात तिला काटेकोरबाई म्हणत, आणि ती कोपऱ्यावर दिसली की दुकानदारांची बोटे आपोआप पारड्यापासून दूर सरकत. पारड्याखाली चिकटवलेले मेण, पोकळ वजन, वाकवलेली दांडी हे सगळे ती मागाहून बघे. आधी हात बघे. "हात लावून केलेलं वजन खोटं," एवढेच म्हणे आणि तराजूला सील ठोके. गयावया करणारे पुष्कळ भेटले. ती कधी बधली नाही.

तराजूची पारडी पितळेची, तान्हे मूल मावेल एवढी मोठी. आणि मूल खरोखरच त्यात बसवले जाई. आजीचा तो नेमच होता. नातवंड आले की त्या दिवशी तोलायचे, निघाले की पुन्हा तोलायचे. वजन वाढलेले नसले तर पिशव्या पुन्हा आत. "माझ्या घरातून हलकं होऊन कुणी जायचं नाही," असे म्हणून ती आणखी दोन दिवस ठेवून घेई. जावई कुरकुरत, आजोबा वर्तमानपत्राआडून हसत.

बहिणीने आईच्या पलंगाजवळ, छताच्या कडीला तराजू टांगला. सवयीने तपासलाही. काटा मधोमध, केसाइतकाही फरक नाही.

आई खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "आता बरं वाटतं," म्हणाली.

गुरुवारी सकाळी पलंगाकडचे पारडे थोडे खाली होते. तिने पारडे पुसले, साखळ्या झटकल्या, खिडकी लावून घेतली. पारडे खालीच. मग तिने दोन्ही पारड्यांची अदलाबदल केली. खोट पारड्यात असती तर ती पलीकडे गेली असती. पण आता जे पारडे पलंगाकडे आले, ते खाली गेले. कपाटातून कार्यालयाच्या प्रमाण वजनांची पेटी काढून तिने पलीकडे वजने ठेवली. तीनशे ग्रॅमला काटा मधोमध आला.

रिकाम्या पारड्यात तीनशे ग्रॅम. तिने ते टिपणवहीत लिहिले आणि खाली 'कारण' असे लिहून पुढची जागा कोरी ठेवली.

डॉक्टरांनी दर सोमवारी आईचे वजन करायला सांगितले होते. मागच्या सोमवारी ते एक्केचाळीस किलो तीनशे भरले होते. या सोमवारी आईला धरून तिने वजनकाट्यावर उभे केले. चाळीस सातशे. सहाशे ग्रॅम उतरले होते.

तराजूकडे बघायची तिची इच्छा नव्हती. पण काटेकोर माणसाला डोळ्यांवर कातडे ओढता येत नाही. तिने पलीकडच्या पारड्यात एकेक वजन ठेवले. सहाशेला काटा मधोमध आला.

"आई, तुला काही होतंय का?"

"मला काय व्हायचंय? माझी आई तोलतेय." आई सहज बोलली, जणू कधीची गेलेली आजी शेजारच्या खोलीत होती. "तुला मी जड झाले का गं?"

"काहीतरीच बोलू नकोस."

"आईबापाला लेक जड होते म्हणतात. लेकीला आई किती जड होते ते कुणी तोललंय?"

दुसऱ्या दिवशी तिने तराजू काढून माळ्यावर टाकला. दिवसभर आईने दुधाचा घोटसुद्धा घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी म्हणाली, "आई गेली का? मला न घेता कशी गेली?" तिचे हातपाय गार पडले होते. मुलीने तराजू पुन्हा टांगला. आईने डोळे मिटून सुस्कारा सोडला, आणि पलंगाकडचे पारडे हळूच खाली आले.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, तू दमली आहेस. झोप काढ. तराजू कुठे आईला खातो का?"

"खात नाही. घेतोय."



मग तिने पलीकडे वजने ठेवून पाहिली. सहाशे, आठशे, किलो. दोन तास काटा मधोमध राही, मग पारडे पुन्हा उतरू लागे. लोखंडाला कुणी विचारत नव्हते.

शनिवारी दुपारी आईचा श्वास पातळ झाला. डॉक्टर यायला निघाले होते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. खोलीत फक्त साखळीची कुरकुर. पारडे डोळ्यांदेखत उतरत होते, गादीला टेकायला चार बोटे उरली होती.

तिने आयुष्यात कधी जे केले नव्हते, ते केले.

पलीकडच्या पारड्याच्या काठावर तिने आपले बोट ठेवले.

आणि दाबले.

पितळ गार नव्हते. कुणाच्या तरी हातात आत्ताआत्तापर्यंत असावे, तसे कोमट होते.

पारडे उतरायचे थांबले. काटा थरथरला, मागे फिरला, मधोमध आला. तिला भोवळ आली, पण बोट तिने उचलले नाही.

"खोटं आहे हे, मला माहीत आहे," ती हलकेच पुटपुटली. "करू दे मला."

आईने खोल श्वास घेतला. थोड्या वेळाने म्हणाली, "भूक लागली गं."

त्यानंतर रोज दुपारी आई झोपली की ती तराजूपाशी उभी राही. अर्धा तास, कधी तास. वहीत तिने काहीच लिहिले नाही. सोमवारी आई एक्केचाळीस भरली, पुढच्या सोमवारी बेचाळीस. डॉक्टर म्हणाले, "या वयात असं मी पाहिलं नाही." आई खुर्चीत बसून मटार सोलू लागली, सुनेच्या हाताला चव नाही असे भावाला फोनवर ऐकवू लागली. घर भरल्यासारखे झाले.

महिन्याने भाऊ आला तेव्हा बहिणीकडे बघतच राहिला.

"वाळलीस किती. काही खातेस की नाही?"

"खाते की. आईचंच उरलेलं खाते." ती हसली. स्वतः वजनकाट्यावर ती एकदाच उभी राहिली होती. काटा हलला नाही. तरी तो तिने दुरुस्तीला दिला नव्हता, तपासलाही नव्हता.

भाऊ चहा करायला आत गेला. उन्हाचा पट्टा पलंगावर आला होता. आईने गादीवर हात थोपटला.

"किती उभी राहशील? बस जवळ."

ती पलंगाच्या कडेला बसली. आईच्या मांडीवर डोके ठेवावे असे तिला वाटले. पुष्कळ वर्षांत वाटले नव्हते. चादरीवर हात टेकवताना तिने खाली पाहिले. चादर ताणलेलीच होती. तिच्या बसण्याने एक सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

आईच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, गादी मात्र हळूहळू खाली दबत होती.

आईने न बघताच पाय थोडे अलीकडे घेतले, बसणाऱ्याला नीट टेकता यावे म्हणून.